टोपीचं जर्किन

(दृश्य: भोसरीतलं पत्र्याचं शेड. सकाळचे साडेआठ. शटर वर जातं.)

नोव्हेंबर सरत आला की या शेडमध्ये खोक्यांची थप्पी पत्र्याला टेकते. सगळ्या खोक्यांत एकच माल: हुडी. काळी, नेव्ही ब्लू, मरून, राखाडी. अजून कोरी. पुढच्या तीन आठवड्यांत प्रत्येकीच्या छातीवर कुणाचं ना कुणाचं नाव चढणार आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीचा वर्धापनदिन आहे, एका इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग आहे, एक हाफ मॅरेथॉन आहे आणि यंदा पहिल्यांदाच दातांचा एक दवाखानाही आहे.

पुण्यात थंडी ती किती? दुपारी बाराला ऊन चटके देतं. पण हिंजवडीच्या ऑफिसात एसी बारा महिने चालू असतो, आणि सकाळी सातला दुचाकीवर निघालेल्या माणसाच्या छातीत वारा भरतोच. शिवाय फुकट मिळालेले टी-शर्ट घरात दहा पडलेले असतात, त्यांतले दोन तर फरशी पुसायला लागलेले असतात. हुडी मात्र एखादीच असते. ती खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असते, प्रवासाच्या पिशवीत असते, रात्री दूध आणायला जाताना अंगावर असते. नाव छापून वाटायला कंपन्या हुडी निवडतात ती यासाठी. ती लोकांसमोर वर्षानुवर्षं फिरत राहते. अट एकच, घेणाऱ्याला ती घालावीशी वाटली पाहिजे.

(दृश्य: एक कोरी हुडी टेबलावर उलटी पसरलेली. हात टोपीचं अस्तर चाचपतो.)

माझ्या गावाकडे हिला हुडी म्हणत नाहीत. टोपीचं जर्किन म्हणतात. आणि टोपी अंगरख्यालाच जोडायची, ही कल्पना आपल्याला कुठे नवी आहे? बाळाची कुंची आठवा. डोक्यापासून पाठीपर्यंत एकच कापड. घोंगडीची खोळ करून पावसात मेंढरांमागे उभा राहिलेला धनगर आठवा. थंडी-वारा डोक्यातून आणि कानांतून शिरतो, हे जगातल्या प्रत्येक कष्टकऱ्याला ठाऊक होतं.

आजची हुडीसुद्धा कष्टकऱ्यांसाठीच शिवली गेली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९१९ साली फाइनब्लूम बंधूंनी विणलेल्या कपड्यांची कंपनी काढली. पुढे तीच चॅम्पियन म्हणून ओळखली गेली. १९३० च्या दशकात तिने स्वेटशर्टला टोपी जोडली ती तिथल्या थंडगार गोदामांत काम करणाऱ्या मजुरांसाठी. मग मैदानाबाहेर आपली पाळी येईपर्यंत थांबलेल्या खेळाडूंनी ती घेतली. खेळाडूंच्या छातीवर संघाचं नाव, विद्यार्थ्यांच्या छातीवर कॉलेजचं. कंपन्यांची नावं त्यानंतर आली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. छातीवरचं नाव सुरुवातीला ‘मी यांचा’ असं सांगण्यासाठी होतं. ते नाव मिळवावं लागायचं. आज आपण हुडी वाटतो तेव्हा समोरच्याकडून तोच अभिमान मागत असतो. तो कशाच्या जोरावर मागायचा, तर आधी कपडा चांगला देऊन.

त्याच काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विणलेलं सुती कापड धुतल्यावर लांबीत आटतं. कॉलेजांच्या धुलाईत स्वेटशर्ट आखूड होऊ लागले. १९३८ मध्ये चॅम्पियनने कापड आडवं फिरवून कापायला सुरुवात केली, म्हणजे आटलं तरी उंची कमी होऊ नये. पुढे दोन्ही बाजूंना रिबच्या, म्हणजे ताणून पुन्हा जागेवर येणाऱ्या विणीच्या, पट्ट्या आल्या. नाव छापायच्या आधी कापडाचा विचार, तोही इतका खोलवर. हे मी या शेडमध्ये उभं राहून सांगतोय, कारण इथे येणाऱ्या ऑर्डरींमध्ये लोगोबद्दल चार-चार मेल येतात आणि कापडाबद्दल बहुधा एकही नाही.

(दृश्य: गोल कटर. कापडावर दाबून फिरवला जातो. कापडाची वाटोळी चकती छोट्या काट्यावर.)

हे जीएसएम कटर. एका फिरक्यात बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतो. चकतीचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं आणि शंभराने गुणायचं. काट्यावर ३.२ दिसलं, म्हणजे कापड ३२० जीएसएमचं. एक चौरस मीटरला ३२० ग्रॅम. आता दुसऱ्या खोक्यातली चकती. हात लावला तर ही पहिलीपेक्षा मऊ लागते. काटा दाखवतो २.४.

मऊ आणि तरी हलकी? कापड आतून ब्रश केलंय. फ्लीसच्या, म्हणजे हुडीच्या या जाड विणलेल्या कापडाच्या, आतल्या बाजूला सुताचे लूप असतात. तारांचे ब्रश लावलेल्या रुळांवरून कापड नेलं की ते लूप फुटतात, तंतू मोकळे होतात आणि कापसासारखी लव उठते. मापात केलं तर ऊब वाढते. हलक्या कापडावर जास्तच घासलं तर दुकानात हात फिरवताना मखमल वाटते, आणि चार धुण्यांनंतर कापडावर गोळे धरतात. म्हणून इथले जुने कारागीर मऊपणावर भुलत नाहीत. ते कापड उजेडासमोर धरतात, मनगटाची रिब ताणून सोडतात. रिब पुन्हा जागेवर बसली तर माल ठीक. ढिली राहिली तर त्या हुडीच्या बाह्या दोन महिन्यांत घंटेसारख्या होणार.

(दृश्य: खोक्यावरचा पत्ता. तिरुप्पूर, तमिळनाडू.)

यातला बहुतेक माल तिरुप्पूरहून येतो. काही लुधियानाहून. तिरुप्पूर म्हणजे सुती होजिअरीची देशातली सगळ्यात मोठी पेठ: विणकाम, रंगाई, कटाई, शिलाई, सगळं एकाच गावाच्या परिघात. आणि त्या गावाने आपल्या नदीला याची किंमत मोजायला लावली. नोय्यल नदीत रंगाईचं पाणी इतकं मिसळलं की खालच्या अंगाचे शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करायला लावले. रंगाचं एक थेंबही पाणी बाहेर सोडणार नाही, अशी व्यवस्था उभी केल्याशिवाय दार उघडायचं नाही. तेव्हापासून तिथे रंगाईच्या खर्चात पाणी शुद्ध करण्याचा खर्चही धरलेला असतो. दहा रुपये कमी करा म्हणून घासाघीस करताना हे डोक्यात असू द्यावं.

आणखी एक धागा आपल्या दारातून जातो. विदर्भातला, मराठवाड्यातला, खानदेशातला कापूस गाठी होऊन तमिळनाडूच्या सूतगिरण्यांना जातो. तिथे त्याचं सूत होतं, तिरुप्पुरात कापड, आणि मग ट्रकने हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून तो हुडी होऊन भोसरीत परत येतो. यवतमाळच्या शिवारात जे बोंड फुटलं, त्याच्यावर इथे कंपनीचं नाव बसतं. ते नाव नीट बसवावं, एवढं तरी आपण त्या बोंडाचं देणं लागतो.

(दृश्य: स्क्रीन, शाई, स्क्विजी (रबरी पट्टी) ओढणारे हात. मग एम्ब्रॉयडरीच्या सुया.)

नाव चढवायच्या दोन मुख्य तऱ्हा. छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. जाळीवर लोगोपुरती जागा मोकळी, बाकी बंद. शाई स्क्विजीने ओढायची, रंग चढवायचे, मग तापवून पक्कं करायचं. प्लास्टिसॉल शाईला सुमारे १६० अंश सेल्सिअस लागतात. भट्टीतून निघालेल्या पहिल्या पीसचा लोगो इथल्या ताई दोन अंगठ्यांत धरून ताणतात. तडा गेला तर शाई शिजलेली नाही, भट्टीचा पट्टा हळू करा.

दुसरी तऱ्हा भरतकामाची. आधी लोगोचं डिजिटायझिंग, म्हणजे सुईने कुठून कुठे जायचं त्याचा नकाशा. भाव दर हजार टाक्यांमागे. फ्लीसवर टाके रुततात, म्हणून खाली कागद आणि वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म. कंपनीचं घोषवाक्य तीन मिलिमीटरच्या अक्षरांत भरून द्या म्हणणारे रोज भेटतात. सुई आणि दोऱ्यालाही जाडी असते. ती अक्षरं मुंग्यांची रांग होतात. कारागीर नको म्हणाला तर ऐकावं.

आता माझीच गोष्ट. माझ्या पहिल्या नोकरीत मला मरून हुडी मिळाली. छातीवर ठसठशीत पांढरा लोगो. काय आनंद झाला होता! पहिल्या पगाराआधी ती हातात आली होती. आठवड्याभरात लोगो गुलाबी पडला. धुतलीसुद्धा नव्हती. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. कारण कळायला या शेडमध्ये यावं लागलं. कापडात पॉलिएस्टर जास्त असेल तर त्याचा रंग उष्णतेने अक्षरशः वाफ होऊन सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत शिरतो. भट्टीतून निघताना लोगो शुभ्र असतो, पुढच्या काही दिवसांत तो गुलाबी होत जातो. उपाय सोपे आहेत: कमी तापमानावर शिजणारी शाई, खाली रंग अडवणारा करडा थर, किंवा सरळ भरतकाम. माल घाईत छापून घाईत पाठवणाऱ्याने यातलं काहीच केलं नव्हतं. गुलाबी लोगो घालून ऑफिसला जायची लाज वाटली. सगळ्या बॅचच्या हुड्या गायब झाल्या.

(दृश्य: भिंतीवर तक्ता: एस, एम, एल, एक्सएल. फोन वाजतो.)

पण शेडचे मालक म्हणतात, खरा घोळ लोगोत नसतोच, साइजमध्ये असतो. त्यांचा हा फोन ऐका.

“मॅडम, साइज सेट पाठवतो ना. एकेक पीस. सगळ्यांनी अंगात घालून बघा आणि मग आकडा द्या.”

पलीकडून उत्तर येतं, “दादा, वेळ नाहीये हो. नेहमीच्या रेशोने देऊन टाका.”

नेहमीचा रेशो म्हणजे मधले साइज भरपूर, कडेचे मोजके. हा रेशो दुकानात चालतो. तिथे न बसलेला कपडा माणूस ठेवून देतो आणि दुसरीकडे जातो. ऑफिसातलं माणूस कुठे जाणार? वाटपाच्या दिवशी सगळे टोपी वर करून फोटो काढत असतात. एखादीला बाह्या बोटांच्याही पुढे येतात, एखाद्याची चेन पोटावर लागत नाही. तो हसून म्हणतो, “असू दे, घरी भावाला होईल,” आणि फोटोत मागे उभा राहतो. हुडी दिली कशासाठी होती? तू आमचा आहेस हे सांगायला. आणि पोचलं नेमकं उलटं. हे टाळायला पैसा लागत नाही, दोन दिवस लागतात. एक टेप, छातीच्या मापाचा तक्ता, बायकांसाठी वेगळा कट हवा का हा साधा प्रश्न, आणि वरचे दोन साइज न लाजता मागवणं. या शेडमध्ये मी इतके महिने येतोय, आणि जाहिरात म्हणून मला कुणी सल्ला विचारला तर मी लोगोच्या आधी हेच सांगेन.

शाळांच्या ऑर्डरीत आणखी एक गोष्ट बघावी: मुलांच्या टोपीला डोरी नको. घसरगुंडीत डोरी अडकून मुलांना गळफास बसल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९६ मध्येच याबद्दल मार्गदर्शक सूचना निघाल्या. आपल्याकडे अजूनही डोरी शोभेला म्हणून मागतात. इलॅस्टिक लावा, टोपी तशीच राहते.

हिशेबाचंही एक वाक्य. भेट म्हणून वाटलेल्या मालावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, त्या कायद्याच्या कलम १७(५) मुळे मिळत नाही, तेव्हा तो कर खर्चातच धरून बजेट करावं.

(दृश्य: दोन हुड्या शेजारी शेजारी. एकीच्या पाठभर लोगो, तारीख, प्रायोजकांची रांग. दुसरीच्या छातीवर डावीकडे बोटभर नाव.)

नाव केवढं असावं? पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीची जॅकेट्स लोगो भरून वाटायची एकेकाळी तिथल्या बँकांत आणि टेक कंपन्यांत चढाओढ होती. एप्रिल २०२१ मध्ये पॅटागोनियाने जाहीर केलं की यापुढे दुसऱ्या कंपन्यांचे न निघणारे लोगो आम्ही आमच्या कपड्यांवर लावणार नाही. कारण त्यांनी साधं दिलं. माणूस नोकरी बदलतो, लोगो निघत नाही, मग धडधाकट जॅकेट कुणाला देताही येत नाही आणि कपाटात पडून राहतं. आपलंच मोठं गिऱ्हाईक सोडणारा हा निर्णय मला मोलाचा वाटतो. पाठभर तारीख छापलेली हुडी जानेवारी उजाडताच जुनी होते. बोटभर नाव, कापडाच्याच रंगाच्या जवळच्या दोऱ्यात, माणूस लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा घालून जातो.

कपाटात पडून राहण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे.

(दृश्य: निफाड तालुका. जानेवारी. पहाट. द्राक्षबागेवर धुकं, कडेला शेकोटीचा धूर.)

निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो. अशा पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात.

ओळीत सगळ्यात पुढे आहे ती माझी आई. नऊवारीवर मरून हुडी. डोक्यावर पदर, पदरावर टोपी, टोपीची डोरी हनुवटीखाली बांधलेली. ही तीच हुडी. मी कपाटाच्या तळाशी कोंबली होती. दिवाळीत तिने काढली, उलटी करून आतली लव चाचपली आणि म्हणाली, “एवढं गरम कापड, तू काय टाकून दिलंस रे?” लोगो गुलाबी झालाय हे मी तिला दाखवलं. “मग? गुलाबी चांगला दिसतो की.”

उजव्या मनगटाची रिब फाटली होती, ती तिने काळ्या दोऱ्याने टाचली आहे. लोगोची अर्धी अक्षरं उडाली आहेत. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, ते नाव आता कुठल्याच पाटीवर नाही. पुढच्या जोडखिशात एका बाजूला विरळणीची कात्री आहे, दुसऱ्या बाजूला सुतळीचं बंडल आणि कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी.

हात गारठले की ती दोन्ही हात त्या खिशात घालते, जरा थांबते, मग कात्री काढून पुढच्या घडाला हात लावते.