राजवाडा नेमका किती जुना?

(राजवाड्यासमोरच्या बागेत, मागे अहिल्यादेवींचा पुतळा आणि दरवाजा)

नमस्कार मंडळी. इंदूरला पाहुणे आले की आपण त्यांना इथे उभं करतो आणि ठोकून देतो, "हा बघा, 1747 चा राजवाडा." मग सगळे सराफ्यात गराडू (तळलेला मसालेदार कंद) खायला मोकळे. साल चूक नाही. पहिल्या मल्हारराव होळकरांनी काम काढलं ते त्याच सुमारास. पण आज जे दिसतंय, त्यातलं बरंच त्यांनी पाहिलेलंच नाही. आणि अहिल्याबाईंचा पुतळा समोर असला तरी त्यांचा कारभार चालायचा महेश्वरहून, बरं का.

(कॅमेरा दरवाज्यावरून हळूहळू वर)

आता खालून वर बघा. लोखंडी खिळे ठोकलेला हा लाकडी दरवाजा, दोन्ही कोपऱ्यांना गोल बुरूज. एकूण सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. वर लाकूड का? सातही मजले दगडात चढवायचे तर पायावर केवढा भार येईल! लाकूड हलकं, त्यात सज्जे आणि गोख, म्हणजे झरोके, काढता येतात, नक्षी कोरता येते. फक्त एक गोष्ट वाईट. लाकूड पेटतं.

आणि ते पेटलं. 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेला चोपलं. त्याचा सूड म्हणून दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदूरवर चालून आले. शहर लुटलं, राजवाडा जाळला. म्हणजे मराठ्यांचा वाडा मराठ्यांनीच जाळला. आपले ग्वाल्हेरचे, म्हणजे शिंद्यांच्या गावचे, भाऊबंद हा व्हिडिओ बघत असतील तर रागावू नका, पुढच्याच वर्षी यशवंतरावांनी पुण्यात जाऊन शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवून हिशेब चुकता केला.

इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरल्यावर 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. गादीवर तिसरे मल्हारराव, वयानं अगदी लहान, आणि कारभार तात्या जोगांच्या हातात. वाड्याची पुन्हा उभारणी झाली ती या काळात, 1833 पर्यंत. मग 1908 ची आग. तिच्यावर थांबत नाही, कारण सगळ्यात मोठा घाव पुढे आहे.

(देवडीतून आत, मागच्या चौकात)

1984. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत राजवाडा पेटला. रस्त्यावरची दर्शनी बाजू तगली, मागचं जवळजवळ सगळं गेलं. चेहरा शाबूत आणि पाठ नाही, अशा अवस्थेत तो वीसेक वर्षं उभा होता. 2006-07 मध्ये उषाराजे होळकरांनी पुढाकार घेऊन मागचा भाग जुन्या धर्तीवर पुन्हा बांधून घेतला. होळकरांच्या कुलदैवताचं, मल्हारी मार्तंडाचं देऊळही नव्यानं उभं राहिलं. म्हणजे मी आत्ता ज्या खांबाला टेकलोय, तो माझ्यापेक्षा लहान आहे!

त्यानंतर दर्शनी भागाची डागडुजी स्मार्ट सिटी योजनेत झाली. अशा कामात सिमेंट का चालत नाही? सिमेंट कडक असतं आणि ओल आत कोंडून ठेवतं, मग शेजारची जुनी वीट भुसभुशीत होते. चुना ओल बाहेर सोडतो. तो मुरवायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद असलं काय काय घालायचं, मग गिलावा. वेळखाऊ काम आहे, आणि ठेकेदाराला वेळ नसतो.

नवं बांधलं यात मला काही वावगं वाटत नाही. मे 2025 मध्ये अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक इथेच झाली. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, याच्याच समोरून जाते. क्रिकेटची मॅच जिंकली की अख्खं इंदूर इथेच धावतं. वापरात आहे म्हणून वाडा टिकलाय. माझी तक्रार एवढीच, की कुठल्या खांबापाशी जुनं संपतं आणि नवं सुरू होतं, हे बघणाऱ्याला जागच्या जागी कळायला हवं. तिथे एक साधी पाटी पुरे.

आणि एक काम तुमच्याकडे. घरच्या अल्बममध्ये 84 च्या आधीचा, मागच्या चौकात काढलेला एखादा फोटो असेल, मुंज, सहल, काहीही, तर पाठवा. फोटोत कोण उभंय याला महत्त्व नाही, खांब आणि सज्जे दिसले पाहिजेत.