जुनी एस्टेट गाडी मागून वाचावी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या गाडीविषयी बोलायचे आहे तिला कुणी एस्टेट म्हणतात, तर कुणी स्टेशन वॅगन. जिचे छप्पर मागच्या दारापर्यंत सलग जाते आणि मागची सीट पाडली की पुढच्या सीटच्या पाठीपासून थेट मागच्या दारापर्यंत लांबलचक सपाट जागा मोकळी होते, ती ही गाडी. अमेरिकेत रेल्वे स्थानकावर उतरलेली माणसे आणि त्यांच्या पेट्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्यांवरून स्टेशन वॅगन हे नाव पडले. माणसे आणि सामान एकाच फेरीत नेण्याचे ते काम ही गाडी आजही चोख करते, आणि तेवढेच सामान नेणाऱ्या उंच एसयूव्हीपेक्षा तिला सहसा इंधनही कमी लागते. घरात चाकांची खुर्ची वापरणारे वडीलधारे माणूस असेल, वाद्ये किंवा कामाची अवजारे रोज न्यावी लागत असतील आणि हाताशी पैसे मोजकेच असतील, तर जुनी एस्टेट घेण्याचा विचार अवश्य करावा, असे मी मनापासून सांगतो. मात्र तिची पारख साध्या गाडीच्या पारखेहून थोडी वेगळी असते. साधी गाडी पाहताना आपण बोनेट उघडून सुरुवात करतो. एस्टेट पाहताना मागच्या दारापासून सुरुवात करावी, कारण तिने आयुष्यभर जे ओझे वाहिले त्याच्या खुणा तिथेच उमटलेल्या असतात.

पण गाडी पाहायला निघण्यापूर्वी पैशांची वाटणी करून ठेवावी. जवळ असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एकूण रकमेचा चौथा हिस्सा बाजूला काढावा आणि तो आपल्याजवळ नाहीच असे समजून उरलेल्या तीन हिश्श्यांत गाडी शोधावी. जुन्या गाडीला घरी आल्याबरोबर टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड किंवा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारा पट्टा, यांपैकी काहीतरी लागतेच, आणि त्या वेळी हात रिकामा असेल तर दुरुस्ती पुढे ढकलली जाते; ढकललेली दुरुस्ती शेजारच्या चांगल्या भागालाही खराब करते आणि मुळात धडधाकट असलेली गाडी वर्षभरात अंगणात उभी राहते.

कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नावाच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. व्होल्व्हो 240 ही एस्टेट 1974 ते 1993 अशी जवळजवळ वीस वर्षे बनत राहिली आणि टिकाऊपणासाठी तिची ख्याती झाली. तरीसुद्धा 1980 च्या दशकातल्या तिच्या अनेक गाड्यांमध्ये इंजिनाजवळच्या वायरींवरचे आवरण काही वर्षांनी भुगा होऊन गळू लागले होते. म्हणजे ख्यातनाम गाडीचेही आपले असे एक दुखणे असते आणि ते आधी माहीत करून घ्यावे लागते. याउलट पहिल्या पिढीतली स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी चौथ्या पिढीतल्या फोक्सवॅगन गोल्फच्याच सांगाड्यावर उभी होती, तर व्होल्व्हो व्ही 50 आणि दुसऱ्या पिढीतली फोर्ड फोकस यांचाही पाया एकच होता. अशा भावंड गाड्यांचे अनेक सुटे भाग सामाईक असतात, त्यामुळे ते सहज आणि परवडणाऱ्या किमतीत मिळण्याची शक्यता वाढते. तुमच्या भागातला मेकॅनिक जी गाडी रोज खोलतो, जिचे भाग दुकानात पडून असतात आणि जिची फॅशन ओसरलेली आहे, ती गाडी तुमच्यासाठी योग्य. एसयूव्हीची चलती आल्यापासून एस्टेटकडे वळणारे लोक पुष्कळ ठिकाणी कमी झाले आहेत, आणि याचा लाभ कमी पैसे असणाऱ्या ग्राहकाने बिनदिक्कत घ्यावा.

डिझेल की पेट्रोल, याचा निर्णय तुमच्या रोजच्या फेऱ्यांवर करावा. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती काजळी जळून जाण्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सियस तापमान लागते. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते गाठले जात नाही, गाळणी तुंबते आणि ती बदलण्याचा खर्च कधीकधी जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीइतका येतो. लांबचा प्रवास रोजचा नसेल तर पेट्रोलच घ्यावे.

आता गाडीजवळ जाऊ या. प्रथम बाजूने आठ-दहा पावलांवर उभे राहून, गाडी रिकामी आणि सपाट जागेवर असताना, तिची कड न्याहाळावी. मागचा भाग बसलेला दिसला तर स्प्रिंग थकल्या आहेत. मग मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळव्यांनी जोराने दाबून सोडावे. गाडी वर येऊन तिथेच थांबली तर ठीक, पुन्हा पुन्हा हेलकावली तर शॉक अॅब्सॉर्बर गेले आहेत. इथे एक खास गोष्ट लक्षात ठेवावी. काही एस्टेट गाड्यांमध्ये ओझे वाढले तरी मागची उंची आपोआप राखणारी यंत्रणा असते. मर्सिडीजच्या 123 आणि 124 मालिकेतल्या एस्टेटमध्ये ती तेलाच्या दाबावर चालत असे. ही यंत्रणा चालू असेपर्यंत सुखाची असते, पण तिचे भाग साध्या शॉक अॅब्सॉर्बरपेक्षा कितीतरी महाग असतात. म्हणून ती आहे की नाही हे आधी विचारावे आणि असेल तर मागे वजन ठेवून, इंजिन चालू करून, गाडी खरोखर वर उचलली जाते का ते पाहावे.

त्यानंतर मागचे दार उघडावे. ते वर जाऊन स्वतःच्या बळावर थांबते की हळूहळू डोक्यावर येते, हे पाहावे. दार जिथे छपराला जोडलेले असते तिथे एक रबरी नळी असते आणि तिच्यातून कुलूप, वायपर, काच तापवणाऱ्या तारा आणि नंबरप्लेटचा दिवा यांच्या वायरी जातात. हजारो वेळा दार उघडल्या-मिटल्याने त्या वायरी आतल्या आत तुटतात. म्हणून मागचा प्रत्येक दिवा, वायपर आणि कुलूप चालवून पाहावे, आणि दार थोडे वरखाली करताना दिवा मिणमिणतो का याकडे लक्ष द्यावे.

मग तळाचा गालिचा उचलावा. याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी घेतलेल्या एका वॅगनमध्ये मागे दमट वास येत होता. विक्रेत्याने गाडी कालच धुतल्याचे सांगितले आणि मी ते खरे मानले. गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा पाहिला असता तर तळाशी बोटभर पाणी, त्यात गंजलेला जॅक आणि खड्ड्याच्या कडेला तांबूस रेघांची एकावर एक वलये दिसली असती. पाणी बऱ्याच वर्षांपासून येत होते, हे ती वलये पाहताच कळले असते. छतावरच्या कॅरियरच्या पट्ट्यांखालून किंवा मागच्या दिव्यांच्या रबरामधून पाणी झिरपत असे, आणि डिकीच्या बाजूच्या पत्र्यामागे बसवलेली विजेची पेटी त्या दमटपणाने कुजत चालली होती. पहिल्या पावसात मागचे कुलूप बंद पडले, पुढच्या आठवड्यात ब्रेकचे दिवे गेले. रबर बदलण्याचा खर्च किरकोळ होता, पण पेटीचा खर्च मोठा होता आणि मी त्यासाठी काहीही राखून ठेवले नव्हते. तेव्हापासून मी गालिचा उचलतो, खड्ड्यात हात घालून तळ चाचपतो आणि मगच विक्रेत्याशी पुढचे बोलतो.

डिकीच्या उंबऱ्यावरचे ओरखडे, सीटच्या पाठीवरचे खड्डे आणि मागे ट्रेलर ओढण्यासाठी बसवलेला हूक यांवरून गाडीने काय वाहिले ते समजते. ओरखडे असणे वाईट नाही. ती वापरलेली गाडी आहे. पण डिकीत पोत्यांच्या खुणा असताना मीटरवर किलोमीटर फारच थोडे असतील, तर क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हरच्या सीटची कड पाहावी. मीटर मागे फिरवता येतो, पण झिजलेले रबर सहसा कुणी बदलत नाही. टायरवरही तारीख असते: कडेवरच्या शेवटच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे 2319 हा आकडा 2019 सालचा तेविसावा आठवडा दाखवतो. मागच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर चाकांची ठेवण बिघडली आहे.

चाकांच्या वरची मागची कमान आणि दाराची खालची कड बोटांनी दाबत जावी. पत्र्याच्या गंजलेल्या किंवा दबलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला असेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक तिथे नीट चिकटत नाही.

इंजिनाकडे आता यावे, आणि ते थंड असतानाच यावे. आपण येण्याआधी गाडी सुरू करू नका, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे आणि पोहोचल्यावर बोनेटला हात लावून खात्री करावी, कारण गरम इंजिन पुष्कळ दोष झाकते. सुरू करताच एखाद-दुसरा सेकंद खडखडाट होऊन थांबला तर समजण्यासारखे आहे, पण तो चालूच राहिला तर टायमिंग बेल्टचेच काम करणारी साखळी काही इंजिनांत असते, ती ढिली झालेली असू शकते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, सिलिंडरमध्ये जात असण्याची शंका घ्यावी. साखळीऐवजी पट्टा असेल तर तो कधी बदलला याची पावती मागावी. पुष्कळ इंजिनांत पट्टा तुटताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिनच खोलावे लागते. पट्ट्याला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते आणि जी आधी येईल ती पाळायची असते. म्हणून कमी चाललेल्या पण दहा वर्षे त्याच पट्ट्यावर राहिलेल्या गाडीचे कौतुक करू नये. पावती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी.

गाडी चालवून पाहताना शक्य असल्यास दोन-तीन माणसे मागे बसवावीत. एस्टेटचा स्वभाव भरलेली असतानाच कळतो: मागून येणारा ठकठक आवाज, चढावर घसरणारा क्लच, ब्रेक दाबताच थरथरणारे पेडल, हे सारे रिकाम्या गाडीत लपून राहू शकते. परत आल्यावर स्टिअरिंगखालच्या खाचेत कोड वाचणारे छोटे यंत्र लावावे. दोषांचे कोड दिसले तर ते मेकॅनिकला दाखवता येतात. पण कोड एकही नाही आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या मात्र अपूर्ण असल्याचे यंत्र दाखवत असेल, तर नोंदी अलीकडेच पुसल्या गेल्या असण्याचा किंवा बॅटरी काढली गेल्याचा संभव आहे, आणि कारण काय ते विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. चॅसी क्रमांक पत्र्यावर स्वतः वाचून नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा, गाडीवर कर्जाचा बोजा नाही याची खात्री करावी आणि विकणारा माणूस तोच मालक आहे का हे पाहावे. सर्व्हिसच्या पावत्यांचा गठ्ठा जपून ठेवणारा मालक भेटला तर थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असतो, कारण ज्याने पावत्या जपल्या त्याने बहुधा गाडीही जपलेली असते. त्यातूनही मनात शंका राहिली तर आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला मजुरी देऊन गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहायला सांगावे. या मजुरीत कंजुषी करू नये.

गाडी घरी आली की बाजूला ठेवलेल्या चौथ्या हिश्श्याला त्याच आठवड्यात हात घालावा. इंजिन ऑइल आणि गाळण्या बदलाव्यात, ब्रेकचे तेल नवे भरावे, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावेच लागते. पावती नसलेला पट्टा पाण्याच्या पंपासह बदलावा. आणि मागचे दार उघडून, सगळी रबरे पुसून, त्यांच्या कडेने बारीक धारेने पाणी सोडावे. दुसऱ्या माणसाला हातात विजेरी देऊन आत बसवावे आणि थेंब कुठून येतो ते त्याला सांगायला लावावे.