चीक शिजतो तोवर

[दृश्य : अंधारातले अंगण, चुलीचा उजेड]

पहाटेचे साडेतीन वाजले आहेत. यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीपासून फार लांब नसलेल्या एका गावातील हे अंगण आहे. वैशाखाच्या दिवसांत आज कोणाच्या घरी कुरडया आहेत हे गावात विचारावे लागत नाही, कारण ज्या घरातून या वेळी धूर निघतो आणि बायकांच्या हसण्याचा आवाज येतो, त्या घरी कुरडया असतात. भिंतीपलीकडच्या काकूंचा दिवसातला पहिला प्रश्न आत्ताच येऊन पोहोचला आहे : "चूल पेटली का वं, का अजून मुहूर्तच पाहून रायल्या?" चूल पेटली आहे हे काकूंना धुरावरून दिसतेच आहे, तरीही त्या विचारतात आणि अलीकडून उत्तर जाते : "कवाची पेटली, काकू. तुमची वाट पाहू पाहू इझाले आली." पाचव्या मिनिटाला काकू स्वतःचा सोऱ्या पदराखाली घेऊन अंगणात हजर होतात.

हे माझे आजोळ आहे, त्यामुळे या चित्रणात मी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. आजी, तिच्या तीन सुना, शेजारच्या काकू आणि अधूनमधून उपटणारी पाच-सहा पोरे, एवढी या दिवसाची माणसे. आम्ही चार दिवस येथे होतो, आणि या चार दिवसांत कुरडई कशी करावी हे कोणी कोणाला सरळ शब्दांत सांगितल्याचे आमच्या ध्वनिमुद्रणात एकदाही सापडत नाही. येथे स्वयंपाक शिकवला जातो तो टोमण्यातून. ज्याला टोमणा कळला त्याला कृती कळली.

[दृश्य : पाण्यात भिजलेले गहू, हाताने दाबून पाहणारी आजी]

कामाला सुरुवात झाली ती चार दिवसांपूर्वी. पाच किलो लोकवन गहू निवडून भिजत घातला गेला. लोकवन हे नाव घराघरांत इतके मुरलेले आहे की, गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झालेल्या 'लोक-१' या वाणाचे ते बोलीतील रूप आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. भिजवणीचे पाणी रोज बदलावे लागते, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात धान्य झपाट्याने आंबते. थोडा आंबूसपणा कुरडईला हवाच असतो, परंतु पाणी बदलायला एक दिवस चुकला तरी वास पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तसा तो एकदा गेला होता. आजही कोणाच्या दारात आंबट वास आला की काकू नाकाला पदर लावून विचारतात, "पानी बदललं का नाई, का गहू नवस बोलले?" यातील पाणी बदलण्याची सूचना ज्या सुनेला उद्देशून असते तिला ती बरोबर समजते, आणि राग मानायला जागाही उरत नाही.

तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला असता त्यातून पांढरे दूध बाहेर आले, म्हणजे गहू वाटायला तयार झाला. पूर्वी हे काम पाट्यावर चाले आणि त्यात दोन बायकांचा अख्खा दिवस जाई. आता मिक्सर आहे, मात्र वीज जाण्याची वेळ आणि मिक्सर लावण्याची वेळ यांचे गावात जुने सख्य असल्यामुळे पाटा अजून अडगळीत गेलेला नाही. वाटलेला गहू पाण्यात कालवून, फडक्यातून पिळून घेतला की खाली उतरतो तो चीक आणि फडक्यात उरतो तो चोथा. चोथ्यात तिखट, मीठ आणि तीळ घालून त्याच्या भुसवड्या घातल्या जातात. काही फेकायचे नाही, हा नियम येथे कोणी उच्चारत नाही, कारण फेकण्याचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. चीक रात्रभर तसाच ठेवला की सत्त्व तळाशी घट्ट बसते आणि वर निवळी राहते. ती निवळी आज पहाटे अलगद ओतून टाकली, आणि आता खरा प्रसंग पुढे आहे.

[दृश्य : चुलीवर मोठा गंज, वाफ]

चुलीवर चढलेल्या या मोठ्या भांड्याला इकडे 'गंज' म्हणतात. घरात गॅस आहे, परंतु एवढा गंज त्या शेगडीवर बसत नाही. या शब्दाशी या घरातील सर्वांत लाडकी गोष्ट जोडलेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गंजाखाली जाळ घालायचा नाही, असा जणू रिवाज पडला आहे. धाकटी सून साताऱ्याची. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी आजी शेतावर निघताना तिला सांगून गेली, "गंज घासून ठेवजो." नव्या सुनेने घरभर फिरून गंज शोधला. भाकरीचा जुना लोखंडी तवा तिला काळाकुट्ट दिसला, आणि सासूबाईंनी सांगितलेला गंज तो हाच, अशी तिची खात्री पटली. राख, विटेचा चुरा आणि लिंबाची फोड घेऊन तिने तो तवा इतका घासला की त्यात चेहरा दिसू लागला. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि आचेने तव्यावर जो थर चढतो आणि ज्यामुळे भाकर सुटून येते, तो सगळा एका दुपारी निघून गेला. पुढचे आठ दिवस या घरात अख्खी भाकर कोणी पाहिली नाही. मामा सांगतात की त्या आठवड्यात ताटात तुकडेच येत, आणि वाढताना आजी म्हणे, "घ्या, साताऱ्याची भाकर."

चौदा वर्षे झाली. आज तीच सून चुलीशी बसली आहे आणि ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक रंगवून सांगते आहे. सांगता सांगता तिचे लक्ष जाळावर आहे. आधण येईपर्यंत पऱ्हाट्या, कारण कापसाचे हे वाळलेले खुंट भडकन पेटतात आणि मोठा जाळ देतात. चीक पडल्यावर मात्र पऱ्हाट्या ओढून घेऊन बाभळीचे फाटे सारायचे, कारण मग आच बेताची लागते. हेही तिला कोणी समजावून सांगितलेले नाही. पहिल्या वर्षी तिने शेवटपर्यंत पऱ्हाट्याच घातल्या होत्या आणि चीक बुडाला लागला होता, तेव्हा थोरली जाऊ एवढेच म्हणाली होती, "होळी झाली नं वं मांगच्या महिन्यात?"

पाण्याचे माप विचारले तेव्हा आजीने माझ्याकडे पाहिले नाही, मधल्या सुनेकडे पाहिले. "ज्या भांड्यानं चीक मोजला, त्याच भांड्यानं पानी मोजजो. अन् इसरली त मांगच्या सालासारखी खीर खाजो." गेल्या वर्षी पाण्याचे एक भांडे जास्त पडले होते. सोऱ्यातून कुरडई पडण्याऐवजी ओघळली आणि पोरांनी ती दूध-साखर घालून खाल्ली. पोरांच्या मते ते वर्ष सर्वोत्तम होते.

[दृश्य : उकळत्या पाण्यात पडणारी चिकाची धार, काठीने घोटणारे हात]

पाण्यात मीठ आणि हिंग पडले, खळखळून आधण आले, आणि आता धार धरली जाते आहे. थोरली ओतते, मधली लांब लाकडी काठीने घोटते, आणि या चार-पाच मिनिटांत अंगणातील सगळ्या गप्पा बंद होतात. गव्हाचे सत्त्व साधारण ६० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगू लागते. आधणात पडलेल्या चिकाचा गोळा वेळीच मोडला नाही तर त्याचे बाहेरचे आवरण आधी शिजून बंद होते आणि आत कच्चे पीठ अडकून राहते. गुठळी म्हणतात ती हीच. एकदा झालेली गुठळी पुढे कितीही घोटली तरी मोडत नाही, आणि सोऱ्याच्या छिद्रात नेमकी तीच येऊन अडते. म्हणून हात थांबता कामा नये. मधलीने कपाळावरचा घाम पुसायला क्षणभर हात सोडला, तोच काकू म्हणाल्या, "हात कावून थांबला वं? झोप आली त बाज टाकून देतो अंगनात." हात पुन्हा सुरू झाला.

हळूहळू पांढरे दूध काचेसारखे होऊ लागते, काठी जड होते, आणि गंजातून एक ओलसर, किंचित आंबूस वास वर येतो. वाफ आली की पहिली वाटी चिकाची. तेल आणि तिखट घालून एक वाटी आजीसाठी, दूध-साखर घालून बाकीच्या पोरांसाठी. याच वेळी पुण्याला असलेल्या नातीचा फोन येतो आणि ती पडद्यावरून चीक पाहायला मागते. थोरलीने फोन गंजावर धरला, तोवर वाफेने कॅमेरा धुरकटून गेला. नात तिकडून ओरडते आहे की काहीच दिसत नाही. आजी वाटीतला घास न थांबवता म्हणते, "पाहून का पोट भरते वं? येजो मंग."

[दृश्य : उजाडलेले अंगण, बाजेवर पसरलेले ओले धोतर]

चीक गरम असतानाच कुरडया घालाव्या लागतात, कारण थंड झाल्यावर तो सोऱ्यातून उतरत नाही. बाजेवर मामांचे जुने धोतर ओले करून पसरले आहे, आणि तीन सोरे एकाच वेळी फिरत आहेत. काकूंच्या कुरडया एकसारख्या गोल, आजीच्या लहान आणि दाट. यंदा प्रथमच सोऱ्या हाती मिळालेली थोरलीची मुलगी घालते आहे त्या कुरडयांना आकार म्हणावा असे काही नाही. "हे कुरडई हाय का चिमनीचा खोपा?" आजीने विचारले. मुलगी गप्प राहिली, उत्तर तिच्या आईने दिले : "खोपा त खोपा, आत्याबाई. तुमच्या लेकाच्याच ताटात वाढतो." त्यानंतरच्या कुरडयांवर मात्र मुलीने मनगट कसे वळवले ते नीट पाहा, आजीकडे चोरून पाहत तिने ते उचलले आहे.

दहा वाजेपर्यंत उन्हाने अंगण तापले. पारा ४५ अंशांच्या पुढे जाण्याचे हे दिवस आहेत, आणि शेतातील कामे मृग लागेपर्यंत थंडावलेली आहेत, म्हणून वाळवणासाठी यापेक्षा चांगला काळ वर्षात नाही. भीती एकच असते, अवकाळी आभाळाची. पहिल्या दिवशीचे ऊन चुकले तर कुरडई लालसर पडते आणि तिला बुरशी धरते. साडेअकराला पश्चिमेकडे एक करडा ढग दिसला तेव्हा चार बायकांनी चार पाय धरून बाज ओसरीत आणली, आणि ढग निघून गेल्यावर परत अंगणात नेली. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा कोणी उठले नाही. "आता पडला त पडू दे," थोरली म्हणाली, "सरकारले सांगू पंचनामा कराले."

[दृश्य : ओसरीवर जेवण]

दुपारचे जेवण चून आणि भाकर. चून म्हणजे पिठले, आणि ते पिवळेधमक आहे, यावरून या घरातील दुसरा जुना वाद उभा राहतो. थोरलीचे माहेर वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. तेथील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून या ओसरीवर पिवळ्या पदार्थाचा एकही घास माहेराच्या उल्लेखाशिवाय गिळला गेलेला नाही. मधली नागपूर जिल्ह्यातील भिवापूरकडची. भिवापुरी मिरचीलाही मानांकन आहे, आणि ठेच्याचे भांडे पुढे सरकवताना ती ते थोरलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते. धाकटी कितीतरी वर्षे या वादात मूग गिळून बसली होती. मग तिला कोठूनसे कळले की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला या दोघींच्याही आधी मानांकन मिळालेले आहे, आणि महाबळेश्वर तर सातारा जिल्ह्यातच येते. तिने ते भर पंगतीत जाहीर केले. आजीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तिले फोडनी देता येते का वं?"

माझ्या मते निकाल धाकटीच्या बाजूने लागायला हवा होता, परंतु आजोळी मला मत नाही.

[दृश्य : उतरते ऊन, बाजेवरच्या अर्धवट वाळलेल्या कुरडया]

कुरडई पुरती वाळायला अजून दोन दिवसांचे ऊन लागेल. मग ती डब्यात जाईल, सणाच्या ताटात तळून येईल, रुखवतात बसेल, आणि आषाढात भाजीपाला महागला की भिजवून, कांदा परतून तिचीच भाजी होईल. परंतु तिची खरी चव आत्ता आहे, संध्याकाळी पाचच्या सुमारास, जेव्हा वरून ती कडक झालेली असते आणि आतून मऊ, चिवट, किंचित खारट असते. गावातील प्रत्येक पोराला ही वेळ ठाऊक आहे, म्हणूनच आजी हातात काठी घेऊन बाजेशेजारी बसली आहे. काठी कावळ्यांसाठी आहे, असे तिचे म्हणणे.

ऊन उतरल्यावर कुरडया उलटताना आजी त्या मोजते. सकाळी घातल्या तेव्हा दोनशे चौदा होत्या; आता दोनशे पाच भरल्या. पोरांनी शपथा घेतल्या, काकूंनी हात झटकले. आजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि मग सावकाश मान वळवून कॅमेऱ्याच्या मागे पाहिले.

"शहराच्या पोट्टेहो," ती म्हणाली, "मागून खाजा नं."

येथे आमच्या छायाचित्रकाराने कॅमेरा बंद केला, कारण त्याचे तोंड भरलेले होते.