‘ग्लेनार्व्हन’ची लेखिका : लेडी कॅरोलिन लॅम्ब

लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर, आज जिथे स्कॉटलंडविषयक सरकारी खात्याचे कार्यालय आहे, ती वास्तू दोनशे वर्षांपूर्वी मेलबर्न हाउस या नावाने ओळखली जात असे. लॅम्ब घराण्याच्या या हवेलीवर मे १८१६ मध्ये जे संकट कोसळले, त्याचे कारण होते तीन खंडांची एक कादंबरी. ‘ग्लेनार्व्हन’वर लेखकाचे नाव नव्हते, तरीही ती या घरच्या सुनेने, लेडी कॅरोलिनने लिहिली आहे, हे उमराव मंडळींना लगेच कळून चुकले.

कॅरोलिनचा जन्म १७८५ सालचा. बेसबरोच्या अर्लची ती मुलगी, आणि डेव्हनशरची विख्यात डचेस जॉर्जियाना ही तिची सख्खी मावशी. एकोणिसाव्या वर्षी तिने विल्यम लॅम्ब या बुद्धिमान, शांत तरुणाशी प्रेमविवाह केला. त्यांचा मुलगा ऑगस्टस याला अपस्माराचे झटके येत आणि त्याची बौद्धिक वाढ खुंटली होती; १८०९ मध्ये झालेली मुलगी तर एक दिवसही जगली नाही. अशा मुलाला घरापासून दूर ठेवणे हे मोठ्या घरांत रीतीला धरून असताना कॅरोलिनने ऑगस्टसला स्वतःजवळच वाढवले. तिच्या चरित्रातील ही गोष्ट फार थोडे लोक आवर्जून सांगतात.

सांगितला जातो तो १८१२ चा उन्हाळा. कवी लॉर्ड बायरन तेव्हा नुकताच कीर्तीच्या शिखरावर पोहोचला होता. काही महिने टिकलेल्या त्यांच्या संबंधात कॅरोलिनने काहीच लपवले नाही. पुरुषसेवकाचा पोशाख करून ती त्याच्या घरी जात असे. बायरनने पाठ फिरवल्यावर तिने ब्रॉकेट हॉल या गावाकडच्या वाड्यात त्याच्या प्रतिमेची होळी केली, आणि जुलै १८१३ मध्ये एका नृत्यसमारंभात सर्वांदेखत स्वतःला जखम करून घेतली.

मात्र केवळ विवाहबाह्य संबंधामुळे समाजाने तिला वाळीत टाकले, असे मानणे चुकीचे ठरेल. तिच्या आईला आणि मावशीलाही विवाहबाह्य संबंधांतून मुले झाली होती, आणि विल्यमचा खरा पिता दुसराच असल्याची कुजबुज सर्वत्र होती. या वर्तुळात सारे क्षम्य होते. अट एकच होती, की त्याची वाच्यता होऊ नये. कॅरोलिनने ती अट छापील अक्षरांत मोडली. बायरनने संबंध तोडताना तिला लिहिलेल्या पत्राचा मजकूर तिने कादंबरीत वापरला. बड्या यजमानीण लेडी हॉलंड यांना मादागास्करच्या राजकन्येच्या रूपात उभे केले. पहिली आवृत्ती झपाट्याने संपली, पण ऑलमॅक्स या प्रतिष्ठित नृत्यगृहाचे दार तिला बंद झाले. सासरच्यांनी विभक्त होण्याचा आग्रह धरला, तेव्हा विल्यमने नकार दिला.

या गदारोळात कादंबरीचा गाभा बाजूला पडला, याची खंत वाटते. तिची पार्श्वभूमी आहे १७९८ च्या आयरिश उठावाची. बायरनपासून दूर नेण्यासाठी घरच्यांनी कॅरोलिनला १८१२ मध्ये ज्या आयर्लंडला नेले, तोच हा देश. कादंबरीतील बायरनवर बेतलेला नायक ग्लेनार्व्हन केवळ स्त्रियांनाच नव्हे, तर आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या बंडखोरांनाही दगा देतो, आणि एलिनॉर सेंट क्लेअर ही तरुणी मात्र अखेरपर्यंत उठावाशी एकनिष्ठ राहते. स्वतः इंग्रज सत्ताधारी वर्गातील असूनही लेखिकेने दडपल्या गेलेल्या उठावाकडे इतक्या सहानुभूतीने पाहावे, हे मला त्या पुस्तकातील प्रेमकथेपेक्षा अधिक धाडसाचे वाटते.

तिने पुढे १८२२ मध्ये ‘ग्रॅहम हॅमिल्टन’ आणि १८२३ मध्ये ‘आडा रीस’ या कादंबऱ्या लिहिल्या. १८२५ मध्ये अखेर पती-पत्नी विभक्त झाले. २५ जानेवारी १८२८ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ती मेलबर्न हाउसमध्ये वारली. आयर्लंडमध्ये सरकारी पदावर असलेला विल्यम तिच्या अखेरच्या दिवसांत परत आला होता. त्याच वर्षी वडिलांच्या मृत्यूनंतर तो लॉर्ड मेलबर्न झाला, पुढे पंतप्रधान झाला, आणि १८३७ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका नव्या वसाहतीला त्याचे नाव दिले गेले.