टिप ऐच्छिक, पण कोणासाठी?

नमस्कार मंडळी. विषय ठरला तेव्हा आयोजक म्हणाले, "यात बोलण्यासारखं काय आहे? वाटलं तर द्यायची, नाही तर नाही." मला त्या 'वाटलं तर'बद्दलच बोलायचंय.

आधी एक प्रसंग सांगतो, तुमच्यावरही आला असेल. जेवण झालं, वेटरनं कार्डाचं मशीन हातात दिलं. पडद्यावर दहा, पंधरा, वीस टक्के अशी तीन ठळक बटणं. 'नको' मात्र खाली कोपऱ्यात, चष्मा पुसून शोधावं लागेल इतकं बारीक. मशीन देऊन तो मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला राहवेना. विचारलं, "बाळा, तू वळलास का?" तो म्हणाला, "काका, मी बघत राहिलो तर तुम्हाला संकोच वाटतो. आणि तुम्ही 'नको' दाबलेलं मला दिसलं, तर पुढच्या टेबलाशी जाऊन हसता येत नाही."

बटणं मांडली मालकानं, अवघडलो मी, आणि मान वळवायची त्या पोरानं! याचा मला आजही राग येतो.

आपला जुना शब्द बक्षिसी. तो फारसीतून आला, आणि फारसीत त्या धातूला देणं आणि माफ करणं असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे देणारा वर, घेणारा खाली, हे शब्दातच आलं. महिन्याच्या पगाराला कोणी बक्षिसी म्हणतं का?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग मुद्दा भराभर मांडतो.

टिप चांगल्या सेवेसाठी असते, असं आपण धरून चालतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकल लिन यांनी वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांचा संबंध अगदी क्षीण निघाला.

दुसरं, अमेरिकेच्या संघीय कायद्यानं १९६६ पासून मालकाला टिप वेतनात धरायची मुभा दिली. तिथलं संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर. टिप मिळणाऱ्याला मालकानं स्वतः द्यायचे किमान २.१३ डॉलर, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप कमी पडली तर फरक मालकानं भरायचा, असं कायदा सांगतो. पण तो हिशोब मागणार कोण? ज्याची उद्याची शिफ्ट मालकाच्या हातात आहे, तो? कॅलिफोर्नियात ही सवलतच नाही. तिथं पूर्ण वेतन द्यावं लागतं, टिप त्याच्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं: टिप पगारात धरलेली असेल तिथं ती न देणं म्हणजे त्या माणसाची मजुरी कापणं. सेवा आवडली नाही तर मालकाशी बोला. पूर्ण पगार मिळत असेल तिथं मोकळ्या मनानं ठरवा. आणि देताना एवढं विचारा, "हे पैसे तुमच्याच हातात पडतात ना?" ब्रिटननं ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टिपमधून वाटा ठेवायला कायद्यानं बंदी केली. ती करावी लागली, यावरून काय चालत होतं ते ओळखा.