बंद केलेला समुद्र उघडताना

नमस्कार, श्रोतेहो.

फिजी बेटांवरच्या गावात प्रमुख वारला की किनाऱ्याचा एक तुकडा शंभर रात्री बंद ठेवायची जुनी रीत आहे. तिथे जाळं टाकायचं नाही की गळ सोडायचा नाही. शंभर रात्री सरल्या की त्याच पाण्यातले मासे धरून दुखवटा संपल्याचं गावजेवण होतं. या बंदीला तिथले लोक 'तांबू' म्हणतात. पाणी बंद करणं त्यांना नवं नाही. खरी परीक्षा असते ती पाणी उघडताना.

आधी पाणी कुणाचं, ते सांगतो. समुद्राचा तळ कायद्याने सरकारचा. पण किनाऱ्यापासून प्रवाळाच्या रांगेपर्यंत मासे धरायचा हक्क त्या त्या कुळांचा, आणि तो सरकारदप्तरी नोंदलेला. अशा हक्काच्या पाण्याला 'गोलिंगोली' म्हणतात, आणि फिजीत ती सुमारे ४१० आहेत. बाहेरच्याला विक्रीसाठी तिथे मासेमारी करायची तर परवाना हवा, आणि त्यासाठी हक्कदार प्रमुखाची संमती हवी.

वेराता भागातल्या उदुनिवानुआ गावाने १९९७ मध्ये समोरच्या चिखलाचा आणि समुद्री गवताचा २४ हेक्टरांचा पट्टा तीन वर्षांसाठी बंद केला. कारण होतं कैकोसो नावाची शिंपली. ओहोटीला चिखलात हात घालून बायका ती वेचतात. पण पाच सेंटीमीटरहून मोठी शिंपली मिळणंच दुर्मीळ झालं होतं. विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांनी गावातल्या वीस जणांना मोजणी शिकवली. ही मोजणी दिसायला सोपी असते: दोरी ताणायची, ठरलेल्या अंतरावर थांबायचं, दर वेळी तेवढ्याच जागेतल्या शिंपल्या मोजायच्या आणि मापायच्या. चूक होते ती जागा निवडताना. जिथे शिंपल्या भरपूर दिसतात तिथेच हात वळतो, आणि आकडा फुगतो. म्हणून दोरी कुठे टाकायची ते आधीच ठरलेलं हवं.

२००४ पर्यंत बंद पट्ट्यातल्या शिंपल्या तेरा पटींनी वाढल्या. आणि शेजारी, जिथे वेचणं चालूच होतं, तिथेही पाच पट. शिंपली अंडी आणि वीर्य पाण्यातच सोडते. नर-मादी विरळ झाले तर त्यांची गाठच पडत नाही. दाट वस्ती असेल तर फलन होतं, आणि पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत बंदीच्या हद्दीबाहेर जाऊन रुजतात. आठ सेंटीमीटरच्या मादीची अंडी पाच सेंटीमीटरच्या मादीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून मोठी शिंपली जागच्या जागी राहू देण्यातच फायदा.

आता उघडण्याकडे येऊ. लग्न, मयत, चर्चची वर्गणी, असं निमित्त निघालं की बंदी काही दिवस उठते. त्यात वावगं नाही. त्यासाठीच तर साठा राखलेला असतो. पण बंद पाण्यातला मासा माणसाला बुजत नाही. भालेवाला हाताच्या अंतरावर आला तरी तो हलत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी टोपल्या भरतात आणि माणसं म्हणतात, अजून एक दिवस. उत्तरेकडच्या किया बेटावर २००८ मध्ये वर्गणीसाठी उघडलेल्या पाण्यात मासेमारी काही आठवडे चालली. मासे घटले, आणि वर्षभरानंतरही ती तूट भरून आली नव्हती.

म्हणून किती दिवस, कोणतं साधन, किती मापाखालचं परत सोडायचं आणि पुन्हा बंद कधी, हे सगळं उघडण्याआधीच ठरवावं. 'पैसे जमेपर्यंत' ही मुदत नव्हेच. रात्री बॅटरी लावून भाल्याने मारणं तर सरळ वगळावं: पोपटमासा कपारीत झोपलेला असतो, त्याला टिपायला कसबही लागत नाही. आणि माझं मत विचाराल तर शिंपलीचा पट्टा अधूनमधून उघडायला हरकत नाही, पण सावकाश वाढणाऱ्या हेकरू माशाची जागा उघडूच नये. त्यांचे थवे अंडी घालायला एकत्र येतात, त्या जून ते सप्टेंबरच्या काळात तर फिजीत २०१८ पासून हेकरूवर सरकारी बंदीच आहे.

राखणीचं थोडक्यात. घराच्या ओट्यावरून दिसेल तेवढंच पाणी नीट राखता येतं. भूशिराच्या पलीकडचा तुकडा रात्रीत रिकामा होतो, आणि तिथे फेऱ्या मारायच्या तर बोटीला इंधन हवं. हद्दीचे खांब वादळात वाहून जातात, म्हणून हद्द किनाऱ्यावरच्या ठळक खुणांच्या रेषेतही बांधून ठेवावी. गावचा दंड गावकरी भरतो, परका भरत नाही; त्याच्यासाठी सरकारने नेमलेला मानद रक्षक लागतो.

आणि मोजणी दोनदा करावी: उघडण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा, पुन्हा बंद केल्यावर एकदा. पहिला आकडा सगळेच ऐकतात. दुसराही त्याच सभेत, त्याच माणसांसमोर वाचावा, आणि पुढची तारीख त्यानंतरच ठरवावी.