हवाईची सुट्टी आणि एप्रिलचं पत्र

पंतप्रधानाने सुट्टी घ्यावी का? घ्यावी, माणूसच आहे तो, बायकापोरं त्यालाही आहेत, आणि चोवीस तास जागा राहणारा नेता मला तरी नकोय, थकलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्या हवाईच्या सुट्टीबद्दल मी बोलणार आहे आणि मला त्यांची सुट्टी मोजायची नाहीये.

मी तेव्हा सिडनीत होतो. डिसेंबर २०१९, म्हणजे तिथला उन्हाळा, आणि आसपासची जंगलं वणव्यांनी पेटलेली. सकाळी उठावं तर सूर्य कुंकवासारखा लाल, बाल्कनीत राख, वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास. १० तारखेला तर धूर इतका होता की शहरातल्या ऑफिसांचे फायर अलार्म वाजायला लागले आणि बाहेर पडायचं तर बाहेर त्याहून जास्त धूर. १८ तारखेला अख्ख्या देशाचं सरासरी कमाल तापमान ४१.९ अंशावर गेलं, तोवरचा रेकॉर्ड. त्याच आठवड्यात पंतप्रधान कुटुंबाला घेऊन हवाईला गेलेले, आणि हे लोकांना सांगितलेलंच नव्हतं. पत्रकारांनी विचारलं तर त्यांच्या ऑफिसने ते हवाईत असल्याची बातमी चुकीची आहे असं सांगितलं. मला राग आला तो इथे. गेलात, तर सांगून जा ना! घरातला कर्ता माणूससुद्धा गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जातो, किल्ली देऊन जातो.

१९ च्या रात्री सिडनीच्या नैऋत्येला बक्सटनजवळ झाड पडून फायर ट्रक उलटला आणि दोन स्वयंसेवक गेले. दोघंही तिशीतले, दोघांच्याही घरी तान्ही म्हणावीत अशी लेकरं. सिडनी ज्या राज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये, म्हणजे ग्रामीण अग्निशमन दलात, असे ७० हजारांवर लोक आहेत, शेतकरी, इलेक्ट्रिशियन, शिक्षक, सगळे बिनपगारी, आपापल्या कामावर खाडे करून आगीत उतरणारे. दुसऱ्या दिवशी मॉरिसन रेडिओवर हवाईहून बोलले, परत येतो म्हणाले, लोक नाराज झाले याचं वाईट वाटतं म्हणाले, आणि त्यातच म्हणाले की मी काही होज (आग विझवायचा पाण्याचा पाइप) धरत नाही आणि कंट्रोल रूममध्येही बसत नाही.

त्यांची बाजू पण सांगतो. सुट्टी जानेवारीत घ्यायची होती, पण जानेवारीत जपान आणि भारताचा दौरा ठरला म्हणून अलीकडे ओढली (भारताचा तो दौरा पुढे आगींमुळेच रद्द झाला). मुलींना शब्द दिला होता. आणि आग विझवणं हे तिथे राज्यांचं काम, केंद्राचं नाही. सगळं खरं आहे. होज धरायला त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. तसं त्यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट त्या महिन्यात स्वयंसेवक म्हणून आगीवर जात होते, पण तो त्यांचा वैयक्तिक मोठेपणा, ते पंतप्रधानाचं काम नव्हे.

मग पंतप्रधानाचं काम काय? त्यासाठी एप्रिलमध्ये जावं लागतं. एप्रिल २०१९ मध्ये देशातल्या २३ माजी अग्निशमन प्रमुखांनी, ग्रेग मलिन्स त्यांचे पुढारी, पंतप्रधानांना पत्र लिहून भेट मागितली होती. हवामान बदलतंय, पुढचा उन्हाळा भयंकर जाणार, पाणी टाकणारी मोठी विमानं कमी पडतील, बसून बोलूया, एवढंच. ज्यांचं आयुष्य आगीत गेलं अशी माणसं ही, राजकारणी नव्हेत. निवडणुकीनंतर परत विचारलं. मॉरिसन त्यांना भेटले नाहीत. लोकांनी हवाईचे दिवस मोजले, मी एप्रिल ते डिसेंबरचे महिने मोजतो, कारण त्या आठ महिन्यांत ते ऑफिसातच होते, कामावरच होते, आणि तरी तासाभराची ही भेट झाली नाही.

आणि करता येत नव्हतं असं नाही. ४ जानेवारीला त्यांनीच ३,००० राखीव सैनिक उतरवले, चार विमानं भाड्याने घ्यायला २ कोटी डॉलर जाहीर केले. हे राज्याला जमणारं नव्हतं, लष्कर केंद्राचं, तिजोरी केंद्राची. तोवर किती गावं जळून गेली होती. त्या मोसमात एकूण ३३ माणसं गेली, ३,००० च्या वर घरं, आणि २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा पाऊण भाग काळा झाला असं डोळ्यांसमोर आणा.

त्या घोषणेच्या दोन दिवस आधी ते कोबार्गो नावाच्या जळलेल्या गावात गेले होते. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. एक बाई हात पुढे करत नाही, तर ते स्वतःच तिचा हात उचलून हातात घेतात. आमच्या फायर सर्व्हिसला जास्त पैसे देणार असाल तरच हात मिळवीन, असं ती म्हणते. इथे किती जणांची घरं गेलीत, म्हणते. सुट्टीबद्दल तिने त्यांना एक शब्द विचारला नाही.